कोरं प्रथिन

थर्माकोलचा खोका उघडला की आधी ड्राय आइसचा धूर अंगावर येतो. तो विरला की तळाशी बोटाच्या पेराएवढी एक प्लास्टिकची नळी दिसते आणि नळीच्या टोकाला गोठलेला एक थेंब. नळीवरच्या चिठ्ठीवर साधारण असा मजकूर असतो : ‘पीएचडी-२, मानवी, रिकॉम्बिनंट, १८१ ते ४२६. स्रोत : ई. कोलाय.’ पहिल्यांदा वाचणारा इथे अडखळतो. प्रथिन माणसाचं आणि स्रोत आतड्यातला जिवाणू! पेटीवर ‘देवगड हापूस’ आणि खाली ‘झाड : चिंच’ असं लिहिलेलं असावं, तसंच हे.

पीएचडी या नावाचा विद्यापीठाशी काही संबंध नाही. पुढे उलगडा होईलच. तूर्त एवढंच, की हे एक विकर आहे, म्हणजे एन्झाइम, आणि आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ते असतं. पेशीला ऑक्सिजन कमी पडतोय हे पेशीला ‘कळतं’ ते याच्यामुळे. पेशीला ना डोळे ना नाक, मग कळतं म्हणजे नेमकं काय होतं? हे समजायला शंभरेक वर्षं लागली, आणि शेवटचा पडदा उघडला तो प्रथिनं परक्या घरी बनवता येऊ लागली म्हणून.

सुरुवात डोंगरावर झाली. १८९० मध्ये व्हिओ नावाचा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पेरूमधल्या मोरोकोचा या खाणींच्या गावी गेला. गाव सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर. तिथे त्याने स्वतःच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोजल्या. लिमाला असताना घनमिलिमीटरला ५० लाख होत्या, त्या काही आठवड्यांतच ७० लाखांच्या पुढे गेल्या होत्या. विरळ हवेत शरीर रक्त दाट करतं, हे उघड झालं. पण तांबड्या पेशी बनतात हाडांच्या मगजात. तिथपर्यंत निरोप कोण पोचवतं? १९०६ मध्ये पॅरिसला कार्नो आणि देफ्लांद्र यांनी सांगितलं की रक्तातूनच एखादं द्रव्य हा निरोप नेत असावं. अंदाज बरोबर होता. आज त्या द्रव्याला आपण एरिथ्रोपोएटिन म्हणतो, थोडक्यात इपो. ते मूत्रपिंडातून येतं हे १९५७ मध्ये कळलं.

ते हाती येणं मात्र महाकठीण, कारण रक्तात ते नखभरही नसतं. शिकागोचे युजीन गोल्डवॉसर १९५५ पासून त्याच्या मागे होते. अखेर मदत आली जपानमधल्या कुमामोटोहून. ताकाजी मियाके यांनी अप्लास्टिक अॅनिमियाच्या रुग्णांचं मूत्र गोळा करून ठेवलं होतं. या रुग्णांचा मगज काम करत नाही, मूत्रपिंड मात्र त्याला हाका मारतच राहतं, त्यामुळे त्यांच्या मूत्रात इपो भरपूर असतं. ‘भरपूर’ म्हणजे किती? २,५५० लिटर मूत्र आटवून, गाळून, पुन्हा पुन्हा निवडून मिळालं ते अवघं आठेक मिलिग्रॅम शुद्ध इपो. १९७७ ची ही गोष्ट. चिमूटभर मिठाच्याही कितीतरी कमी, आणि त्यामागे वीस-बावीस वर्षं.

मग जनुक-तंत्र आलं आणि हा सगळा द्राविडी प्राणायाम संपला. माणसाचं जनुक घ्यायचं, ते दुसऱ्या जीवाच्या पेशीत घालायचं आणि प्रथिन तिच्याकडून बनवून घ्यायचं. त्या प्रथिनाला रिकॉम्बिनंट म्हणतात. १९७८ मध्ये माणसाचं इन्सुलिन ई. कोलायने बनवलं आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून बाजारात आलं. इपोच्या बाबतीत जिवाणू उपयोगी पडले नाहीत. इपोच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात, त्यांच्याशिवाय ते रक्तात टिकत नाही, आणि ई. कोलायला असा साजशृंगार करता येत नाही. म्हणून इपो बनवायला चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी कामाला लावाव्या लागल्या. ते औषध १९८९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. जिवाणूंचं हे अडाणीपण लक्षात ठेवा. इथे ते नडलं, पुढे तेच कामाला आलं.

इपो मगजाला निरोप देतं, ठीक. पण मूत्रपिंडाला कोण सांगतं? बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये ग्रेग सेमेन्झा आणि ऑक्सफर्डला मूत्रपिंडाचे डॉक्टर पीटर रॅटक्लिफ या प्रश्नाच्या मागे लागले. इपोच्या जनुकाशेजारी डीएनएचा एक छोटा तुकडा आहे. ऑक्सिजन घटला की त्या तुकड्यावर काहीतरी येऊन बसतं आणि जनुक चालू होतं. रॅटक्लिफ यांना इथे एक चमत्कारिक गोष्ट दिसली. हे ‘काहीतरी’ फक्त मूत्रपिंडात नव्हतं. ज्या पेशी जन्मात कधी इपो बनवत नाहीत, त्यांच्यातही ते होतं. याचा अर्थ ऑक्सिजन ओळखण्याची यंत्रणा घरोघरी आहे, मूत्रपिंड तिचा फक्त एक वापर करतं. (रॅटक्लिफ यांचा एक निबंध १९९२ मध्ये ‘नेचर’ने साभार परत केला होता. नोबेल मिळाल्यावर ते पत्र पुष्कळ फिरलं.) ते ‘काहीतरी’ सेमेन्झा आणि ग्वांग वांग यांनी १९९५ मध्ये शुद्ध केलं. त्याचं नाव हायपॉक्सिया-इंड्यूसिबल फॅक्टर, म्हणजे ऑक्सिजनच्या तुटवड्यात जागं होणारं प्रथिन. सगळे त्याला हिफ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

हिफ जोडीने काम करतं. जोडीतला एक भाग पेशीत कायम असतो. दुसरा हिफ-१ अल्फा, ८२६ अमिनो आम्लांची लांब साखळी. ऑक्सिजन पुरेसा असेल तर ही साखळी सापडतच नाही. गंमत अशी, की पेशी तेव्हाही ती बनवत असते. बनवते आणि लगेच मोडून टाकते. पाच मिनिटांच्या आत निम्मा माल भंगारात. हा उधळेपणा कशासाठी? पूर्वी वाड्यात येणाऱ्याजाणाऱ्याचा राबता असे तेव्हा चुलीवर आधण कायम असायचं. पाहुणा आल्यावर लाकडं पेटवायला बसलं तर चहाला अर्धा तास. पेशीचंही तसंच. ऑक्सिजन घटल्यावर जनुक वाचून नवं प्रथिन बनवायला वेळ लागतो, पण चालू असलेली मोडतोड थांबवली की काही मिनिटांत हिफ साठतं. मग ते डीएनएवर बसून शेकडो जनुकं चालू करतं. तांबड्या पेशी वाढवणारी, नव्या रक्तवाहिन्या काढणारी, ऑक्सिजनशिवाय साखर जाळणारी.

आता प्रश्न मोडतोडीचा. कोणतं हिफ मोडायचं हे ठरवतं कोण?

धागा मिळाला तो भलत्याच ठिकाणी. जर्मन नेत्रतज्ज्ञ फॉन हिपेल आणि स्वीडिश विकृतिशास्त्रज्ञ लिंडाऊ यांच्या नावाने ओळखला जाणारा एक आनुवंशिक आजार आहे. काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या डोळ्याच्या पडद्यावर, लहान मेंदूत, मूत्रपिंडात गाठी होतात. गाठी रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या, आणि काही रुग्णांच्या रक्तात तांबड्या पेशीही जास्त. बोस्टनचे कर्करोगतज्ज्ञ विल्यम केलिन यांना यात एक संगती दिसली. नव्या रक्तवाहिन्या आणि तांबड्या पेशी, शरीर ऑक्सिजनला मुकलं की करतं त्याच या गोष्टी. म्हणजे या गाठी श्वास कोंडल्याच्या भ्रमात असल्या पाहिजेत. आजाराचं जनुक, व्हीएचएल, १९९३ मध्ये सापडलं होतं. १९९९ मध्ये रॅटक्लिफ यांच्या गटाने दाखवलं की व्हीएचएल प्रथिन हिफला धरतं आणि भंगाराच्या वाटेला लावतं. व्हीएचएल बिघडलं की हिफ मोकाट.

पण व्हीएचएल हिफला धरतं ते फक्त ऑक्सिजन असताना. दोन्ही प्रथिनं तीच, पेशी तीच, मग ऑक्सिजन असल्याचं व्हीएचएलला समजतं कसं?

केलिन यांच्या प्रयोगशाळेत हिफचा तुकडा पेशीबाहेर, नळीत बनवला जात होता. प्रथिन बनवण्याची सामग्री ज्यात असते अशा अर्कात जनुकाची नक्कल घातली की प्रथिन तयार होतं. सशाच्या रक्तपेशींच्या अर्कात बनवलेल्या हिफला व्हीएचएल घट्ट धरत होतं. गव्हाच्या अंकुरांच्या अर्कात बनवलेल्या त्याच हिफकडे ते ढुंकूनही बघत नव्हतं. मात्र गव्हातलं हिफ काही वेळ सस्तन प्राण्याच्या पेशींच्या अर्कात ठेवलं, की व्हीएचएल त्यालाही ओळखू लागलं. म्हणजे सशाच्या अर्कात कोणीतरी होतं, जे हिफवर खूण करत होतं, आणि गव्हात ते नव्हतं. गव्हाने दिलं ते कोरं प्रथिन. जिवाणूत बनवलेलंही असंच कोरं राहतं. इपोच्या वेळी अडचण ठरलेलं परक्याचं अडाणीपण इथे वरदान ठरलं. माणसाच्या पेशीत खूण झालेलं आणि न झालेलं हिफ वेगळं करणं अवघड, परक्या घरी बनवलेलं मात्र खात्रीचं कोरं. त्याच्यावर एकेक वस्तू घालून बघायची आणि खूण कशाने उमटते ते शोधायचं.

खूण काय होती? वस्तुमान मोजलं तेव्हा तुकड्याचं वजन १६ एककांनी वाढलेलं निघालं. १६ म्हणजे ऑक्सिजनच्या एका अणूचं वजन. मला तरी या सगळ्या कथेत याहून सुंदर आकडा दिसत नाही. हिफच्या साखळीत ५६४ व्या जागी प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल आहे, ४०२ व्या जागीही आहे. ऑक्सिजन असेल तर त्याचाच एक अणू प्रोलीनला चिकटवला जातो. हाच तो शिक्का. शिक्का पडलेलं हिफ व्हीएचएलच्या खाचेत नेमकं बसतं आणि मोडीत निघतं. पोस्टात तिकिटावर शिक्का पडला की तिकीट रद्द, तसं. फरक इतकाच, की इथे शाई म्हणजेच ऑक्सिजन. पेशी ऑक्सिजन मोजत बसत नाही, ती तो या कामात खर्च करते. शाई संपत आली की तिकिटं शिक्क्याविना सुटतात. केलिन आणि रॅटक्लिफ या दोघांच्या गटांनी हे एप्रिल २००१ मध्ये ‘सायन्स’मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध केलं.

उरला शिक्का मारणारा. त्याचा माग काढायला एक जुनी ओळख उपयोगी पडली. प्रोलीनवर ऑक्सिजन चढवण्याचं काम शरीरात आणखी एके ठिकाणी चालतं हे आधीपासून माहीत होतं : कोलॅजेनमध्ये, म्हणजे कातडी, हिरड्या आणि हाडं धरून ठेवणाऱ्या तंतूंत. ते काम करणाऱ्या विकराला लोह लागतं, २-ऑक्सोग्लुटारेट नावाचं छोटं आम्ल लागतं आणि क जीवनसत्त्व लागतं. दर्यावर्दी खलाशांना स्कर्व्ही होऊन हिरड्यांतून रक्त येई, ते क जीवनसत्त्वाविना कोलॅजेनवर हा ऑक्सिजन चढत नसल्यामुळे. हिफवर शिक्का मारणारा याच कुळातला असणार, हे उघड होतं. तो आधी सापडला तो एक मिलिमीटर लांबीच्या गोलकृमीत. तिथे त्याच्या जनुकाचं नाव ‘एग-लेइंग डिफेक्टिव्ह’ गटातलं नववं, कारण ते बिघडलं की कृमी अंडी घालू शकत नाही. माणसातल्या जनुकालाही तेच नाव चिकटलं : ईजीएलएन-१. त्यापासून होणारं विकर म्हणजे प्रोलील हायड्रॉक्सिलेज डोमेन, पीएचडी. अशी तीन भावंडं आहेत. त्यातलं दुसरं सर्वांत महत्त्वाचं, आणि तेच आपल्या नळीत आहे.

ते नळीत येतं कसं, हे थोडं सांगायला हवं, कारण ‘जनुक जिवाणूत घालतात’ या तीन शब्दांत बरीच हमाली लपलेली असते. ईजीएलएन-१ चा हवा तेवढा तुकडा प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यात बसवतात आणि ते कडं ई. कोलायमध्ये घालतात. प्रथिनाच्या टोकाला हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या सहा मण्यांची शेपूट जोडलेली असते. जिवाणू पेजेसारख्या पोषक पाण्यात ३७ अंशांवर वाढतात. पाणी गढूळ झालं की तापमान १८ अंशांच्या आसपास उतरवतात आणि एका रसायनाने इशारा देतात. घाई केली, उबेतच ठेवलं, तर जिवाणू भराभर प्रथिन बनवतात खरं, पण ते नीट घडी न पडता गोळा होऊन बसतं आणि वाया जातं. रात्रभर सावकाश काम चालतं. सकाळी जिवाणू फोडतात आणि तो रस निकेल बसवलेल्या मण्यांवरून सोडतात. सहा हिस्टिडीनची शेपूट निकेलला धरते, बाकी सगळं वाहून जातं. मग शेपूट सोडवणारं द्रावण घालून प्रथिन उतरवून घ्यायचं. यात एक खोच आहे. पीएचडी-२ ला त्याच्या गाभ्यात लोह हवं, आणि निकेलचा अंश सुटून तिथे जाऊन बसला तर विकर बंद. शिवाय लोह फेरस रूपात हवं, ते हवेत सहज गंजतं. म्हणून प्रयोगाच्या नळीत क जीवनसत्त्व घालतात. खलाशांचं लिंबू इथेही आलंच.

हिफ-१ अल्फा अख्खं बनवणं तर याहून जिकिरीचं. त्याचा बराच भाग ठरावीक घडीच घेत नाही, मोकळ्या सुतासारखा लोंबत राहतो, आणि जिवाणूत अशा सुताचा गुंता होतो किंवा ते कुरतडलं जातं. म्हणून बहुतेक प्रयोगशाळा ५६४ च्या आसपासचा तुकडाच वापरतात. तो तुकडा, पीएचडी-२, लोह, २-ऑक्सोग्लुटारेट आणि क जीवनसत्त्व. एका नळीतून साधी हवा सोडा, दुसरीतून ऑक्सिजन कमी केलेली. पहिल्या नळीत १६ एककांची उडी झपाट्याने दिसते, दुसरीत रेंगाळते. एका पेशीत चालणारी अख्खी निर्णयप्रक्रिया पाच वस्तू आणि हवेवर आणून ठेवता येते. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, एक प्रोलीनवर जातो आणि दुसरा २-ऑक्सोग्लुटारेटवर. या प्रयोगांतूनच कळलं की पीएचडी-२ ऑक्सिजनच्या बाबतीत विलक्षण मंद आहे. एरवी मंद विकर म्हणजे निकामी विकर. इथे मंदपणा हीच लायकी. ऑक्सिजनवर झडप घालणारं विकर तो थोडा घटला तरी पूर्ण वेगाने चाललं असतं, आणि पेशीला घट कळलीच नसती.

कोबाल्टचं कोडंही सुटलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर रक्तक्षयाच्या रुग्णांना कोबाल्टचे क्षार देत, आणि त्यांच्या तांबड्या पेशी खरोखर वाढत. का, ते कोणाला माहीत नव्हतं. कोबाल्ट शिक्का मारणाऱ्यांच्या कामात मोडता घालतं. शरीर उगाचच समजतं की ऑक्सिजन कमी आहे. कोबाल्ट विषारी म्हणून तो उपचार मागे पडला, पण युक्ती नीट समजल्यावर तीच सभ्य रूपात परत आली. पीएचडीच्या गाभ्यात २-ऑक्सोग्लुटारेटच्या जागी बसणारे रेणू शोधले गेले, आणि त्यांची पहिली पारख अर्थातच नळीतल्या रिकॉम्बिनंट प्रथिनावर. मूत्रपिंड निकामी झालेल्यांना इपोची इंजेक्शनं घ्यावी लागतात. त्याऐवजी गोळीने शरीराकडूनच इपो बनवून घ्यायचं, ही कल्पना. यातलं रोक्साडुस्टॅट चीनमध्ये २०१८ च्या अखेरीस मंजूर झालं. अहमदाबादच्या झायडसचं डेसिडुस्टॅट भारतात मार्च २०२२ मध्ये आलं. या गोळ्यांबद्दल मला कौतुक आहे आणि थोडी धास्तीही. हिफ ही एकट्या इपोची कळ नाही, शेकडो जनुकं त्याच्या हाताखाली आहेत, आणि रक्तात गुठळ्या होण्याच्या धोक्याकडे डॉक्टरांना लक्ष ठेवावंच लागतं. उलट बाजूने, व्हीएचएल आजारात हिफच्या एका भावंडालाच अडवणारं बेल्झुटिफान अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं. सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं होतं.

पुण्या-मुंबईचा प्रवासी विमानाने लेहला उतरतो तेव्हा साडेतीन हजार मीटरवर ऑक्सिजन त्याच्या घरच्यापेक्षा साधारण दोन-तृतीयांशच असतो. ‘पहिले दोन दिवस पडून राहा’ असं त्याला बजावतात. तो पडून असतो तेव्हा त्याच्या मूत्रपिंडात शिक्क्याची शाई आटत असते आणि इपो वाढू लागलेलं असतं. काहींना मात्र उंची सोसत नाही, फुफ्फुसात पाणी होतं. २०१० मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेतल्या मिताली मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी एक वेगळाच अभ्यास प्रसिद्ध केला. आयुर्वेदातल्या वात, पित्त, कफ प्रकृतींनुसार निवडलेल्या निरोगी माणसांची जनुकं त्यांनी तपासली. ईजीएलएन-१ चं जे रूप कफ प्रकृतीच्या गटात जास्त दिसलं, तेच उंचीवर फुफ्फुसात पाणी होणाऱ्यांतही जास्त आढळलं. यावरून कोणी लेहच्या तिकिटाआधी नाडी दाखवायला जाऊ नये, गट लहान होते. पण प्रश्न विचारण्याची रीत मला आवडली.

तिबेटी लोक हजारो वर्षं त्या हवेत राहताहेत, आणि तरीही त्यांचं रक्त व्हिओसारखं दाट होत नाही. दाट रक्त हृदयाला जड जातं, तेव्हा हे त्यांच्या फायद्याचंच. बहुसंख्य तिबेट्यांच्या पीएचडी-२ मध्ये दोन अमिनो आम्लं वेगळी आहेत, चौथ्या जागी आणि १२७ व्या जागी. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी हे तिबेटी पीएचडी-२ तपासलं. एका गटाला दिसलं की ते कमी ऑक्सिजनमध्येही नेटाने शिक्के मारतं, म्हणून हिफ वाढत नाही आणि रक्त दाट होत नाही. दुसऱ्या गटाला नेमकं उलट दिसलं : ते एका सोबती प्रथिनाला नीट धरत नाही, त्यामुळे शिक्के मारण्यात कमी पडतं.

वाद मिटवायला कॅटलॉगातली सर्वसाधारण नळी मागवून भागत नाही. १८१ ते ४२६ हा शिक्का मारणारा गाभा. तो जिवाणूत चांगला बनतो, म्हणून बहुतेकांकडे तोच असतो. चौथं आणि १२७ वं अमिनो आम्ल त्याच्या अलीकडे राहतात. त्यासाठी १ ते ४२६, अख्खं प्रथिन घडवावं लागतं.